क्रॉफर्ड मार्केटच्या सिग्नलला मुंबई एकदम बारीक का होते?

हातगाडी
शनिवार, रात्री १०:५०

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. मी इतिहासाचा अभ्यासक वगैरे नाही, स्टेशनरीचा धंदा आहे. अब्दुल रहमान स्ट्रीटवरून माल उचलायचा आणि फोर्टातल्या ऑफिसांत पोचवायचा, वीस-बावीस वर्षं हेच.

आमचा एक ठरलेला हातगाडीवाला आहे, जुन्नरकडचा. फोर्टातून परतताना लोकमान्य टिळक मार्गाच्या सिग्नलला तो न चुकता गाडी थांबवतो, डोक्याचा टॉवेल सोडून पुन्हा आवळतो आणि म्हणतो, "हितवर गाडी वढायची, हितनं म्होरं माणसं हाकायची." त्याचं भाडंही तसंच आहे. सिग्नलच्या अलीकडे एक दर, पलीकडे दहा रुपये जास्त. मग तो पलीकडचा पत्ता दोनशे पावलांवर का असेना.

हे दहा रुपये कोणी लावले, असा विचार करत गेलो तर थेट चिमाजी अप्पांपर्यंत पोचलो. हसू नका.

आज ज्याला आपण फोर्ट म्हणतो तिथे खरोखरचा तट होता. १७१५ च्या सुमारास गव्हर्नर चार्ल्स बूनच्या काळात तो उभा राहिला. दरवाजे तीन: दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्च गेट, उत्तरेला बझार गेट. गावातल्या चाकरमान्यांना मी नेहमी विचारतो, चर्चगेटला चर्च कुठे आहे? कोणी सांगत नाही. चर्च म्हणजे हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस, १७१८ चं. त्या चर्चकडे जाणारा दरवाजा तो चर्च गेट, आणि तो होता आज फ्लोरा फाउंटन आहे तिथे. स्टेशन त्याच्याही पलीकडे, मैदान ओलांडून. म्हणजे नाव देवळावरून दरवाज्याला, दरवाज्यावरून रस्त्याला आणि रस्त्यावरून स्टेशनला, असं तीनदा उधार दिलेलं.

आता चिमाजी अप्पा. मे १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली आणि इकडे मुंबईत इंग्रजांची झोप उडाली. माहीमची खाडी ओलांडली की आलेच मराठे! किल्ल्याजवळची नारळाची झाडं तोडली. तटाभोवती खंदक खणायचं ठरलं आणि त्यासाठी व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी दिली. शत्रू येताना तोफेला दिसला पाहिजे, त्याला आडोसा मिळता कामा नये, म्हणून तटाबाहेरची जमीन मोकळी ठेवायची. ही मोकळी पट्टी पुढे टप्प्याटप्प्यानं वाढत गेली. तिलाच एस्प्लनेड म्हणायचे.

१८०३ साली कोटात मोठी आग लागली आणि उत्तरेकडचा देशी वस्तीचा भाग बराचसा जळाला. त्यानंतर कोटात पुन्हा दाटी नको म्हणून बऱ्याच जणांना बाहेर जायला सांगितलं. बाहेर म्हणजे कुठे? मैदानात घर बांधायला बंदी. मग मैदान संपतं तिथे. म्हणजे साधारण आजच्या लोकमान्य टिळक मार्गाच्या पलीकडे. तिकडे काळबादेवी, मांडवी, भुलेश्वर असं जिथे जागा मिळेल तिथे घराला घर चिकटवून गाव वाढलं. कोणी आखलं नाही, कोणी मोजलं नाही.

तट १८६२ नंतर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना पाडला. मराठे नव्हते, फ्रेंच नव्हते, अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा पैसा मात्र धो धो येत होता. तटाच्या कडेची हॉर्नबी रो रुंद केली, तोच आजचा दादाभाई नौरोजी रोड. तट गेलेल्या जागेवर फाउंटन आलं (१८६४), त्याच्या दक्षिणेला मैदानाकडे तोंड करून विद्यापीठ, हायकोर्ट, सचिवालय ओळीनं उभी राहिली. मोकळ्या पट्टीचे तुकडे म्हणजे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज. आणि १८६९ साली क्रॉफर्ड मार्केट बरोबर शिवेवर बसलं. इकडे साहेबाची मुंबई, तिकडे गाव.

तर आमच्या गाडीवाल्याचे दहा रुपये हे त्या शिवेचे आहेत, असं माझं म्हणणं. पटतंय का?

गिरगावचा_बॉल
शनिवार, रात्री ११:२०

मस्त धागा. पहिला मी!

ओव्हलवर पोरं क्रिकेट खेळतात ती चिमाजी अप्पांची कृपा, हे आजच कळलं. उद्या बाबांना सांगतो, ते खूश होतील.

अडगळ_हटवा
शनिवार, रात्री ११:४५

लेख चांगला, पण एक शंका. क्रॉफर्ड मार्केटपासून सरळ वर जाणारा मोहम्मद अली रोड चांगला ऐसपैस रुंद आहे. मग "बारीक होते" कसं?

हातगाडी
रविवार, सकाळी ८:१०

@अडगळ_हटवा, बरोबर पकडलंत. मोहम्मद अली रोड हा नंतरचा, विसाव्या शतकात वस्ती चिरून काढलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना दहा पावलं आत शिरा, लगेच खांद्याला खांदा लागतो. आणि तोही पुरला नाही म्हणून २००२ मध्ये त्याच्या डोक्यावरून जे.जे. उड्डाणपूल नेला. खालच्या गर्दीला हातही न लावता साहेबाच्या मुंबईतून थेट भायखळ्याकडे! पुलावरून जाताना दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवरच्या खिडक्यांतले वाळत घातलेले कपडे दिसतात, कधी कोणाचा टीव्ही दिसतो. रस्ता म्हणून मला तो पूल कधी आवडला नाही, पण वेळ वाचतो हे खोटं कसं म्हणू.

साडेत्रेसष्ट
रविवार, सकाळी ९:३०

मोहम्मद अली रोडचा विषय निघालाच आहे तर पुढचा भाग मी सांगतो. (पेशानं स्थापत्य अभियंता, आयडीचं कारण खाली कळेल.)

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. शहर अक्षरशः ओस पडलं, लोक मिळेल त्या गाडीनं गावी पळाले. त्या वेळच्या डॉक्टरांचा नि अधिकाऱ्यांचा समज असा की रोग अंधाऱ्या, कोंदट, ओल धरलेल्या घरांतून येतो. उंदीर आणि पिसवांचा मामला पक्का व्हायला अजून अवकाश होता. म्हणून उपाय काय? हवा आत घ्या! १८९८ च्या कायद्यानं बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला.

आता नकाशा उघडा आणि प्रिन्सेस स्ट्रीट (शामळदास गांधी मार्ग) नि सँडहर्स्ट रोड (सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) बघा. एक मरीन लाइन्सच्या बाजूनं आत घुसतो, दुसरा चौपाटीकडून डोंगरीपर्यंत जातो. मुंबईतले बहुतेक मोठे रस्ते दक्षिणोत्तर, कारण बेटच लांबट. हे दोन मात्र आडवे. का? समुद्रावरचा वारा वस्तीच्या पोटात नेण्यासाठी. त्या काळच्या अर्थानं ते वाहनांचे रस्ते कमी आणि वाऱ्याच्या नळ्या जास्त. आज तिथे वाऱ्याऐवजी टेम्पो उभे असतात ते सोडा.

ट्रस्टचे एक अध्यक्ष होते जे. पी. ऑर. त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे रेटला. खोलीच्या खिडकीच्या तळाशी उभं राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे बघितलं तर नजरेचा कोन जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा जास्त नसावा. गणित सोपं आहे: त्या कोनाचं टॅन साधारण २. म्हणजे समोरची भिंत दहा मीटर उंच असेल तर मध्ये पाच मीटर मोकळी जागा हवी. दादर-माटुंग्याच्या जुन्या तीन मजली इमारतींमध्ये उभं राहिलं की आकाशाचा जो प्रशस्त तुकडा दिसतो, तो या गणितातून आलाय. आता पुनर्विकासात तिथेच वीस मजले चढताहेत आणि मोकळी जागा किती सुटते ते जाऊन बघा. मी रोज बघतो, पगार त्याचाच मिळतो.

तर्कट
रविवार, सकाळी १०:०५

म्हणजे शेवटी इंग्रजांनीच शहर वसवलं, रस्ते दिले, हवा दिली, हेच ना? मग एवढी दळणं कशाला. ते नसते तर इथे सात बेटं आणि कोळीवाडे असते.

पणजीची_ट्रंक
रविवार, सकाळी ११:१५

@तर्कट, हवा दिली खरी, पण कोणाच्या घरातून काढून दिली ते मी सांगते.

माझ्या पणजीचं लग्नानंतरचं पहिलं बिऱ्हाड सँडहर्स्ट रोडच्या वाटेत येत होतं. एक खोली, मधे पडदा, अलीकडे दीर-जाऊ, पलीकडे ही दोघं. ट्रस्टची माणसं आली, भिंतीवर चुन्याची खूण केली आणि पुढच्या काही महिन्यांत चाळ पाडली. भरपाई चाळमालकाला. भाडेकरूंनी काय करायचं? सामान डोक्यावर घेऊन पलीकडच्या गल्लीत गेले, जिथे आधीच दाटी होती. तिथे चार माणसांच्या खोलीत आठ झाली. पणजी म्हणायची, "रस्त्याला हवा लागली, आमची मात्र कोंडली." नवीन चाळी ट्रस्टनं बांधल्या, पण पाडापाडी आधी आणि बांधकाम मागाहून, हा क्रम बऱ्याच ठिकाणी होता.

तिची लग्नातली पत्र्याची ट्रंक अजून माझ्याकडे आहे. एका कोपऱ्याला पोचा आहे. तो त्या दिवशी जिन्यावरून घरंगळली तेव्हाचा, असं घरात सांगतात.

तर्कट
रविवार, सकाळी ११:४०

@पणजीची_ट्रंक, ही बाजू लक्षात आली नव्हती. माझा प्रतिसाद उगाच तुटक झाला.

हातगाडी
रविवार, दुपारी १२:३०

@तर्कट, "त्यांनी दिलं" यालाही माझी थोडी हरकत आहे. खंदकाची वर्गणी व्यापाऱ्यांची, हे वर आलंच. माहीमचा कॉजवे घ्या. वांद्र्याहून माहीमला मचव्यानं यायचं, पावसाळ्यात माणसं बुडायची. सरकार पैसे द्यायला तयार नव्हतं. शेवटी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी १,५७,००० रुपये दिले, टोल घ्यायचा नाही या अटीवर, आणि १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. एल. जे. रोड म्हणतो आपण, त्यातला एल. म्हणजे लेडी. आखणी साहेबाची असेल, खिसा बऱ्याचदा इथलाच होता.

नावात_काय
रविवार, दुपारी २:००

नावांबद्दल थोडं. (रच्याकने, म्हणजे 'रस्त्याच्या कडेने', आपलं 'बाय द वे'. हा शब्द इथे आज शब्दशः लागू आहे.)

इंग्रजांच्या आधी पोर्तुगीज होते हे आपण विसरतो. १५३४ ते १६६१, सव्वाशे वर्षं. त्यांनी इथे मोठे रस्ते पाडले नाहीत, पण जमिनीचे शब्द सोडून गेले. हाजीअलीजवळचा हॉर्नबी वेलार्ड, १७८४ च्या सुमारास पुरा झालेला बांध. त्यातलं 'वेलार्ड' हे पोर्तुगीज 'वल्लाडो'वरून, म्हणजे बांध-कुंपण. त्या बांधानं समुद्र अडला आणि आतली खाजणं सुकली. ती खारी जमीन जो लागवडीखाली आणेल त्याला नाममात्र खंडानं द्यायची, आणि खंडाला पोर्तुगीज शब्द 'फोरो'. त्यावरून फोरास जमिनी, त्या जमिनींवरून गेलेले ते फोरास रोड. एका फोरास रोडचं नाव पुढे कामाठीपुऱ्याशी असं जोडलं गेलं की लोक उच्चारतानाही आवाज खाली करतात. मूळ अर्थ निव्वळ शेतसाऱ्याचा!

पायधुनी म्हणजे पाय धुवायची जागा, तिथवर खाडीचं पाणी यायचं. आज त्या चौकात उभं राहून समुद्र कुठल्या दिशेला हे पटकन सांगून दाखवा.

मरीन लाइन्समधल्या 'लाइन्स' रेल्वेच्या नव्हेत, मरीन बटालियनच्या बराकींच्या. आणि अपोलो बंदराचा ग्रीक देवाशी काही संबंध नाही, ते आपल्या कोळ्यांचं पालव बंदर. साहेबाच्या जिभेला पालव जमलं नाही.

गिरगावचा_बॉल
रविवार, दुपारी २:२०

चर्नी रोड राहिलं! १८३८ मध्ये इंग्रजांनी मैदानात गुरं चारायला फी लावली. गरिबांना ती परवडेना म्हणून सर जमशेटजींनी ठाकूरद्वारजवळ कुरण विकत घेऊन गुरांना मोकळं केलं. चरणी म्हणून चर्नी.

नावात_काय
रविवार, दुपारी २:४५

ती कथा गोड आहे. दुसरी व्युत्पत्ती अशी की ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या लोकांची इथे वस्ती होती, त्यावरून चेंदणी, चर्नी. मी दुसरीकडे झुकतो, कारण गाव सोडून आलेली माणसं गावाचं नाव बरोबर आणतात, हे मुंबईत पावलोपावली दिसतं.

गिरगावचा_बॉल
रविवार, दुपारी ३:००

आमच्या गिरगावात हे बोलू नका, गुरं अंगावर सोडतील.

बरं, माझी भर. रस्ते रस्ते काय करताय, हाऊस गल्लीबद्दल कोणी बोललंच नाही. आमच्या चाळीच्या मागे आणि पलीकडच्या चाळीच्या मागे, मधे चार-पाच फुटांची फट. नकाशात नाव नाही, पत्त्यात नाही, पण सगळ्या जुन्या मुंबईत ती आहे. ड्रेनेज येण्याआधी टोपलीचे संडास होते. हलालखोर कामगार या मागच्या फटीतून यायचे, मैला घेऊन जायचे. पुढच्या रस्त्यावर ते कोणाला दिसू नयेत अशी रचना. महापालिका त्यासाठी हलालखोर कर घ्यायची. म्हणजे घराला दोन तोंडं: पुढचं रांगोळीचं, मागचं त्यांच्यासाठी.

लहानपणी आमचा बॉल हाऊस गल्लीत गेला की मॅच संपली. वरून पाइपांचं पाणी टपकत असायचं, खाली खरकटं, घुशी. एकदाच उतरलो होतो. भिंतीला पाठ लावून आडवं सरकायचं, तोंड वर ठेवायचं. वर बघितलं तर आकाशाची एक करड्या रंगाची पट्टी, इस्त्रीच्या घडीएवढी. बॉल मिळाला, पण आजीनं अंघोळ घातल्याशिवाय घरात घेतलं नाही आणि बॉल तर चुलीतच टाकला. तिथे रोज उतरणाऱ्या माणसाला कोण कुठे अंघोळ घालत होतं, हा प्रश्न मला खूप उशिरा पडला.

साडेत्रेसष्ट
रविवार, दुपारी ३:३०

@गिरगावचा_बॉल, तुमचा प्रतिसाद धाग्यातला सर्वात महत्त्वाचा. त्या गल्ल्यांत आता सांडपाण्याचे पाइप आहेत आणि साफ करायला आजही माणूसच उतरतो.

शनिवार_पेठी
रविवार, संध्याकाळी ५:१५

पुण्याचा उल्लेख झाल्याशिवाय धागा पूर्ण कसा होईल? आमच्याकडे शीव आखायला खंदक लागला नाही. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांनी गावाबाहेर छावणी टाकली, तिला आम्ही अजून लष्कर म्हणतो. तिथे ईस्ट स्ट्रीट, मेन स्ट्रीट अशी पट्टीनं मारलेली नावं आणि पट्टीनं मारलेले रस्ते. आमच्या पेठांत बोळ वाड्याच्या भिंतीला विचारून वळतो. दोन्हीकडे दुचाकी लावायला जागा नाही, तेवढी समानता आली आहे.

रायबंदरचो
रविवार, संध्याकाळी ६:४०

गोव्यातून नमस्कार. पोर्तुगीजांनी रस्ते पाडले नाहीत असं वर म्हटलंय, ते मुंबईपुरतं. आमच्याकडे पणजी ते रायबंदर हा बांधावरचा रस्ता १६३३-३४ मधला, व्हाइसरॉय लिन्यारिशच्या वेळचा, तीन किलोमीटरच्या वर. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं. राजधानी रीतसर पणजीला आली १८४३ मध्ये, म्हणजे रस्ता दोनशे वर्षं आधी नि शहर मागाहून! मी रोज त्यावरून कामाला जातो. भरतीला पाणी कडेला लागतं तेव्हा समोरून बस आली की अजूनही छातीत धस्स होतं, कारण रुंदी त्या काळच्या पालखीच्या बेताची.

पाच_बागा
रविवार, रात्री ८:५०

दादर-माटुंग्याचा विषय साडेत्रेसष्ट यांनी काढलाय म्हणून. आम्ही हिंदू कॉलनीतले. ट्रस्टनं इथली भातशेतं आणि खाचरं घेऊन पूर्ण नवी वस्ती आखली. पारशी कॉलनी, पाच बागा, किंग्ज सर्कल हे सगळं त्याच आखणीतलं. मूळ कल्पना गिरणगाव आणि गिरगावातली दाटी इकडे सोडवायची, पण भाडं भरू शकले ते कारकून, वकील, मास्तर. त्यांच्यासाठी बागा, आणि कामगारांसाठी पुढे १९२० च्या दशकात बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी: वरळी, नायगाव, शिवडी, ना. म. जोशी मार्ग मिळून २०७, आणि खोली १६० चौरस फुटांची. हिंदू कॉलनीपासून नायगावच्या चाळी चालत फार तर वीस मिनिटं.

डॉ. आंबेडकरांनी १९३० च्या दशकात 'राजगृह' बांधलं ते आमच्या कॉलनीत, आणि त्याआधी बरीच वर्षं ते परळच्या चाळीत राहिले. मला कधी कधी वाटतं, त्यांच्या पुस्तकांना किती जागा लागते हे त्या दोन पत्त्यांमध्ये कळतं.

अडगळ_हटवा
रविवार, रात्री ९:३०

वाचनखूण साठवली. @हातगाडी, त्या तटाचं आता काही शिल्लक आहे का? जाऊन बघता येईल असं?

हातगाडी
रविवार, रात्री ९:४५

आहे. सीएसएमटीच्या मागे, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बाजूला जुन्या फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा तुकडा आहे. १७६९ साली कोटाला जोडलेला भाग तो. उद्या तिकडे एक डिलिव्हरी आहे, जाऊन येतो.

हातगाडी
सोमवार, संध्याकाळी ७:२०

गेलो होतो. फोटो चढत नाहीयेत, साईझ मोठा आहे म्हणतंय. नंतर बघतो.

काळ्या दगडाची जाड भिंत, सांध्यांतून पिंपळ फुटलेला, कडेला कोणाची तरी स्कूटर. गाडीवाल्याला बरोबर नेलं होतं. हीच ती भिंत, हिच्यापायी मैदान, मैदानापायी तुझे दहा रुपये, असं सगळं सांगितलं. मराठ्यांच्या भीतीनं मोकळं ठेवलेलं मैदान म्हटल्यावर त्यानं मान डोलावली, तेवढा भाग त्याला पसंत पडला. मग भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "येवढ्याशा भितीपायी?"

नंतर तंबाखू मळत मळत हेही म्हणाला की पुढल्या महिन्यापास्नं सिग्नलच्या पलीकडचे पंधरा घेणार. अब्दुल रहमानला आता दोन्ही बाजूंना टेम्पो लागतात.